मूल पुढे धावतंय, आपण किती धावायचं? हुशार मुलाला घरी साथ देण्याच्या पायऱ्या

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना सातारच्या एसटी स्टँडवर बसची पाटी वाचायला लागली. ‘विनावाहक विनाथांबा’ हे तिने मोठ्याने वाचलं, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या आजी वळून बघायला लागल्या. आम्ही तिला अक्षरं शिकवली नव्हती. खूप आनंद झाला, आणि त्याच रात्री भीतीही वाटली. आता आपण काय करायला हवं? काही राहून तर जाणार नाही ना?

पुढच्या चार वर्षांत मी पुष्कळ काही केलं, आणि त्यातलं निम्मं चुकलं. ती दुसरीत असताना अबॅकस, इंग्रजी संभाषण आणि दोन खासगी परीक्षांची तयारी हे सगळं एकाच वेळी चालू होतं. दर गुरुवारी तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. अबॅकसचा वर्ग गुरुवारी असतो, हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. त्याहून जास्त मनाला लागलं ते दुसरंच. दिवसभर ‘का’ आणि ‘कसं’ विचारणारी पोर गप्प झाली होती. विचारलेल्याचं उत्तर द्यायची, स्वतः काही विचारायची नाही.

आता ती अकरा वर्षांची आहे आणि पुन्हा भरपूर बोलते. मधल्या काळात जे उमगलं, ते क्रमाने लिहिते आहे. तुमचं मूल चार-पाच वर्षांचं असेल तर पहिल्या पायरीपासून सुरू करा. क्लासेसच्या गर्दीत आधीच अडकला असाल, तर थेट दुसरीवर या.

## १. तीन आठवडे काहीही शिकवू नका, फक्त लिहून ठेवा

एक शंभर पानी वही घ्या. रोज रात्री पाच मिनिटं. चारच गोष्टी टिपायच्या: मुलाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत, कोणी न सांगता ते कशात रमलं आणि किती वेळ, काय अर्धवट टाकलं, आणि कशाने रडलं किंवा चिडलं.

माझ्या वहीतल्या काही ओळी: ‘पावणेदोनच्या गाडीला पावणेदोन का म्हणतात, दोन वाजायच्या आधीच तर येते.’ ‘मागच्या वर्षीचं कॅलेंडर मागितलं, ४० मिनिटं दोन्ही शेजारी ठेवून बघत होती.’ ‘चित्र रंगवताना रंग रेषेबाहेर गेला म्हणून कागद फाडला.’

तोपर्यंत माझी समजूत होती की तिला गणित आवडतं. वही वाचली तेव्हा दिसलं, की तिला वेळ कसा मोजतात याचं वेड आहे. वेळापत्रक, घड्याळ, कॅलेंडर, वाढदिवस कुठल्या वारी येतो हे सगळं एकाच माळेत होतं. ती माळ आम्हाला दिसली नाही, म्हणून आम्ही तिला बेरजा करायला बसवत राहिलो.

वही मुलाला दाखवू नका. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. आपल्याला कोणीतरी सारखं निरखतंय हे कळलं की मूल बघणाऱ्यासाठी वागायला लागतं.

## २. पुरवणं की ढकलणं? आठ दिवस थांबून बघा

जी गोष्ट चालू आहे ती काहीही न बोलता आठ दिवस बंद करा. क्लासला कळवा, घरी विषय काढू नका. मग बघा, ती पुन्हा कोण सुरू करतं.

मुलाने तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून वही ओढली, तर ती गोष्ट त्याची आहे. नववा दिवस उजाडला आणि फक्त तुम्हीच अस्वस्थ असाल, तर ती तुमची आहे. आम्ही अबॅकस थांबवलं, तिने त्याचं नावही काढलं नाही. कॅलेंडर मात्र मी कपाटावर ठेवलं होतं, ते तिने दुसऱ्याच दिवशी स्टुलावर चढून काढलं.

पण ही परीक्षा सगळीकडे लावू नका. पोहणं, पेटी, तबला यांत रोजच्या रियाजाचा कंटाळा आवडणाऱ्या मुलालाही येतो. तिथे आठ दिवस पुरत नाहीत. तीन-चार महिने द्या आणि मग मोकळेपणाने विचारा. शाळेचा गृहपाठ, स्वच्छ लिहिणं, घरातली ठरलेली कामं ह्यांनाही ही परीक्षा नाही. हुशार आहे म्हणून ताट न उचलण्याची सवलत देऊ नका.

## ३. घरात काय ठेवायचं

फार पैसे लागत नाहीत. मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर एक फळी रिकामी करा आणि हे हळूहळू ठेवा:

- भिंतीवरचं कॅलेंडर आणि एक छापील पंचांग
- महाराष्ट्राचा, भारताचा आणि जगाचा नकाशा. शक्य असेल तर पृथ्वीचा गोल
- मोजायच्या वस्तू: शिवणकामाची टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा, खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर, स्टॉपवॉच
- मराठी आणि इंग्रजी शब्दकोश, कागदी
- रेघा नसलेली जाड वही, सुतळी, डिंक, जुने खोके, स्क्रू-ड्रायव्हर
- नगरवाचनालयाचं सभासदत्व, मुलाच्या स्वतःच्या नावावर

मराठीत फुकट मिळणारं चांगलं साहित्य पुष्कळ आहे आणि बऱ्याच पालकांना ते ठाऊकच नसतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन आहेत. त्यांची भाषा जड आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला आपण शेजारी बसून वाचून दाखवू शकतो. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आहेत, आणि मराठी पुस्तकंही. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांपासून आम्ही जितके त्रिमितीय आकार केले, तितके कुठल्याही महागड्या किटमधून झाले नसते.

खरेदीतला एक सापळा सांगते. मुलाने आकाशाबद्दल विचारलं की लगेच स्वस्तातली टेलिस्कोप आणू नका. तिचा तिपाया हलतो, चंद्र सापडत नाही आणि मूल हिरमुसतं. आधी नुसत्या डोळ्यांनी सहा महिने आकाश बघू द्या, मग १०×५०ची द्विनेत्री दुर्बीण घ्या. तिच्यातून चंद्रावरची मोठी विवरं आणि गुरूचे चंद्र दिसतात, फक्त हात टेकवायला गच्चीचा कठडा हवा.

सगळं एकदम आणून फळी भरू नका. महिन्याला एक वस्तू, तीही न सांगता ठेवायची.

## ४. एक प्रश्न धरा आणि तो संपेपर्यंत सोडू नका

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते ह्या पायरीबद्दल.

२०२३च्या पावसाळ्यात मुलगी आठ वर्षांची होती. कॅलेंडर बघून तिने विचारलं, ‘आई, ह्या वर्षी श्रावण दोनदा का आहे?’ मला ‘अधिक महिना असतो’ ह्यापलीकडे सांगता आलं नाही. पूर्वीची मी असते तर मोबाइलवर शोधून दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं आणि प्रश्न तिथेच संपला असता. ह्या वेळी म्हटलं, ‘मलाही नीट माहीत नाही. आबांना विचारू.’

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ट्रंकेतून जुनी पंचांगं काढली. तिने प्रत्येकात अधिक महिना शोधला आणि लिहिलं: २०१२ भाद्रपद, २०१५ आषाढ, २०१८ ज्येष्ठ, २०२० आश्विन, २०२३ श्रावण. मग मधली वर्षं मोजली: तीन, तीन, दोन, तीन. ‘हे सारखं का नाही येत?’ इथे चार दिवस गेले. तिला काही सुचेना, आणि मी गप्प बसले. गप्प बसणं फार कठीण गेलं, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी आबांनी तिला एकच गोष्ट सांगितली. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. तिने बाराने गुणलं, ३५४ आले. वर्षाचे दिवस ३६५. ‘अकरा दिवस कमी पडतात!’ मग एका बरणीत दर वर्षाचे अकरा चिंचोके टाकायचे, आणि साडेएकोणतीसच्या पुढे गेले की एक महिना बाहेर काढायचा, असा तिने स्वतःच खेळ केला. बाहेर काढल्यावर थोडे उरतात, म्हणून कधी तीन वर्षं लागतात आणि कधी दोन, हे तिला चिंचोक्यांनी दाखवलं. पुढचा अधिक महिना २०२६ साली येईल हे तिने बरणीवरून सांगितलं. पंचांगवालेही तेच सांगतात.

त्यात तिची आजी आली. अधिकात जावयाला ३३ अनारसे द्यायचे असतात, त्यासाठी तिने तांदूळ भिजत घातले होते. मुलीने तीन वर्षांचे अकरा-अकरा दिवस जोडून लगेच तेहेतीस केले. तो संबंध खरा की योगायोगाचा, ह्यावर घरात रात्री बराच वेळ चर्चा रंगली.

तरी ‘श्रावणच का?’ हा प्रश्न उरलाच होता. आबांनी तिला सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ते दिवस, म्हणजे संक्रांती, पंचांगात पेन्सिलीने खुणावायला सांगितले. संक्रांत म्हणजे फक्त तिळगुळाची मकरसंक्रांत नाही, वर्षात बारा असतात, हे मला स्वतःला तेव्हाच कळलं. प्रत्येक चांद्रमहिन्यात एकेक खूण पडत गेली. १८ जुलै ते १६ ऑगस्ट ह्या महिन्यात मात्र एकही नाही. आधीची कर्क संक्रांत अमावास्येच्या आत होऊन गेलेली, पुढची सिंह संक्रांत महिना संपल्यावर. ज्या महिन्यात संक्रांत पडत नाही तो अधिक. त्या रिकाम्या पानाकडे बघून ती जागेवर उड्या मारत होती.

नंतर तिची मैत्रीण म्हणाली, ‘आमची ईद दर वर्षी मागे मागे सरकते.’ हिजरी वर्षात अधिक महिना घालत नाहीत, म्हणून ते अकरा दिवस सरकत राहतात, हे दोघींनी मिळून शोधलं.

ह्या सगळ्याला सहा आठवडे लागले. भागाकार, दशांश चिन्ह, पंचांग वाचणं, जुन्या नोंदी तपासणं असं सगळं त्यात आलं, आणि ‘अभ्यासाला बस’ असं मला एकदाही म्हणावं लागलं नाही.

तुमच्या घरात प्रश्न वेगळा असेल. भाकरी का फुगते, विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट का लागतं, रेल्वेच्या डब्यांवरचे आकडे काय सांगतात. पद्धत मात्र हीच: उत्तर देण्याची घाई करायची नाही, घरातल्या माहीतगार माणसाकडे न्यायचं, हाताने मोजायला आणि मांडायला लावायचं, आणि मूल अडलं की एकच धागा द्यायचा. मोबाइल सगळ्यात शेवटी, पडताळणीसाठी.

## ५. कौतुक कसं करायचं

‘किती हुशार गं माझी बाई’ हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. ते मी प्रयत्नपूर्वक सोडलं.

अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना कोडी दिली होती. नंतर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांचा कल पुढे सोपं काम निवडण्याकडे राहिला. अवघड कोडी अडल्यावर ती लवकर खचली. मिळालेले गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. हे वाचलं तेव्हा मला तो फाडलेला कागद आठवला.

आता मी काय दिसलं ते सांगते. ‘पंचांगं वर्षांप्रमाणे लावलीस म्हणून तुला पटकन सापडलं.’ ‘हे गणित तू तीन रीतींनी करून बघितलंस.’ एवढं पुरतं.

पाहुण्यांसमोर प्रयोग करायला लावणं आजच बंद करा. ‘काकांना एकोणतीसचा पाढा म्हणून दाखव’, ‘आत्याला देशांच्या राजधान्या सांग’. आजोबा-आजींना ह्यात निखळ आनंद असतो, त्यांना दुखवूही नये. आम्ही त्यांना वेगळं काम दिलं. आबांनी नातीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे शिकवायचे, दोघांनीच, झोपाळ्यावर. आता पाहुणे आले तरी ते म्हणतात, ‘ते आमचं दोघांचं आहे.’

## ६. एकाच मुलाची दोन वयं

नऊ वर्षांचं मूल तेराच्या मुलासारखं वाचतं, आणि धाकट्याने खोडरबर घेतलं म्हणून पाच वर्षांच्या मुलासारखं रडतं. ह्यात नाटक नसतं. डोकं, हात आणि मन वेगवेगळ्या वेगाने वाढत असतात. डोक्यात असलेलं चित्र हाताला काढता येत नाही, म्हणून कागद फाटतात.

अशा वेळी ‘एवढी हुशार असून रडतेस?’ हे वाक्य कधीही म्हणू नका. मी म्हटलेलं आहे. तिने ते दोन वर्षांनी मला जसंच्या तसं ऐकवलं.

भीतीही लवकर येते. वाचता येतं म्हणून बातम्या वाचल्या जातात आणि अपघात, युद्ध, मृत्यू मनात घर करतात. वर्तमानपत्र तिच्या हाती देण्याआधी मी पहिलं पान बघून घेते. झोप कमी करू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, आणि डोकं जोरात चालतं म्हणून ती गरज घटत नाही.

## ७. शाळेत बोलायला जाताना

‘आमची मुलगी वर्गात कंटाळते’ असं म्हणून सुरुवात केलीत, की समोरच्या बाईंना तो त्यांच्या शिकवण्यावरचा ठपका वाटतो. एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं सांभाळणाऱ्या माणसाशी आपण बोलतोय, हे लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तक्रार घेऊन गेले आणि वर्षभर संबंध बिघडले. दुसऱ्या शिक्षिकांकडे विनंती घेऊन गेले: ‘बाई, तिचं काम आधी झालं तर तिने बाकावरच पुस्तक वाचलं तर चालेल का?’ त्या लगेच हो म्हणाल्या.

एका वेळी एकच छोटी गोष्ट मागा. लवकर संपवणाऱ्या मुलाला तसलीच आणखी वीस गणितं मिळू नयेत, एवढं झालं तरी पुष्कळ. दर वेळी त्यालाच इतरांना शिकवायला बसवतात, तेही हळुवारपणे थांबवायला सांगा.

सोबत न्यायची फाइल:

- तुमच्या नोंदवहीतून निवडलेली दोन-तीन पानं
- मुलाने आपणहून केलेल्या कामाचे तीन-चार नमुने
- गेल्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं
- डोळे आणि कान तपासल्याचा अहवाल
- मानसशास्त्रीय चाचणी झाली असेल तर तिच्या अहवालाची झेरॉक्स. मूळ प्रत देऊ नका
- जन्मदाखल्याची प्रत, वर्गाबद्दल बोलायचं असेल तर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना प्रोत्साहन देण्याबद्दल स्वतंत्र परिच्छेद आहेत. मुख्याध्यापकांशी बोलताना त्याचा उल्लेख उपयोगी पडतो, हक्क म्हणून नव्हे, आधार म्हणून.

‘एक वर्ग पुढे बसवा’ हा आग्रह मी धरला नाही. तिच्या मैत्रिणी होत्या, आणि लिहिण्याचा वेग वयाइतकाच होता. काही घरं शाळा सोडून मुक्त विद्यालयाचा मार्ग घेतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीच्या पातळीच्या परीक्षेला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, हे आधी पाहून ठेवा.

## ८. बुद्ध्यंकाची चाचणी करावी का?

कारण असेल तरच. शाळेत खूप त्रास होत असेल, किंवा तोंडी सगळं येतं पण लिहिता-वाचताना अडतं, असं दिसत असेल तर नक्की करा. हुशारी आणि अध्ययन अक्षमता एकाच मुलात असू शकतात. मग दोन्ही एकमेकांना झाकतात आणि मूल ‘आळशी’ ठरतं.

आपल्याकडे बिने-कामत चाचणी आणि मलिन यांची चाचणी अजून वापरात आहेत. पहिली वि. वि. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, दुसरी नागपूरच्या डॉ. मलिन यांनी भारतीय मुलांसाठी केली. दोन्ही जुन्या आहेत, म्हणून आकड्याचा अर्थ तज्ज्ञाकडूनच समजून घ्या. सरासरी १०० धरतात. १३०च्या वर साधारण दोन टक्के मुलं येतात. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका ह्या क्षेत्रात बरीच वर्षं काम करते. इतरत्र जाणार असाल तर त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी आहे का, ते विचारा.

आकडा मुलाला सांगू नका, नातेवाइकांनाही नाही. लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियात हुशार मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यांच्या चाचणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं निवडीत बसली नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ह्याच वाटेवर मोठी फसवणूक बसलेली आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणी, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारं ‘मिड-ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’. दोन्हींना शास्त्रीय आधार नाही. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून खालचं दिसतं. मूल ते ओळखतं आणि आईबाबांचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून खोटं बोलायला शिकतं. हजारो रुपये जातात ते जातातच, पण आपल्या आनंदासाठी मुलाला खोटं वागावं लागलं, हे मला जास्त भयंकर वाटतं.

## ९. स्पर्धा आणि परीक्षा: वर्षाला एक

शिष्यवृत्ती परीक्षा, होमी भाभा बालवैज्ञानिक, शाळेत पत्रकं वाटणाऱ्या खासगी परीक्षा, पुढे गणित ऑलिंपियाड. यादी संपत नाही. आमच्या घरचा नियम आहे: वर्षाला एक, आणि ती तिने निवडायची.

सहावी आणि नववीसाठी असलेली होमी भाभा स्पर्धा मला त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण तिच्यात लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो. मराठी माध्यमातूनही देता येते. गणिताची खरी ओढ असेल तर आठवीपासून आयओक्यूएम ही ऑलिंपियाडची पहिली पायरी खुली होते. त्याआधी घाई नको. पुण्यातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान अशा मुलांना शिकवतं.

निकाल लागल्यावर पहिला प्रश्न ‘किती मिळाले?’ असू नये. आम्ही विचारतो, ‘सगळ्यात मजेशीर प्रश्न कोणता होता?’ तिला तीन-चार प्रश्न पाठ असतात.

## १०. घराबाहेरची माणसं शोधा

एका टप्प्यानंतर आईबाबा पुरत नाहीत, आणि पुरायलाही नको. मुलाला त्याच वेडाची मोठी माणसं भेटवा. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आकाशदर्शन करते. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेतं. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुका आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघता येते. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर एका दिवसात उरकू नका. एकच दालन बघा आणि परत या.

संस्थाच हव्यात असं नाही. आमच्या गल्लीतले घड्याळजी दर शनिवारी तिला अर्धा तास शेजारी बसू देतात. ते बोलत नाहीत फारसं. तिने तिथे चिमटा धरायला आणि वाट बघायला शिकून घेतलं.

## ११. धाकट्यासाठी

मोठ्या भावंडाशी त्याची तुलना नको, एवढंच. त्याचीही वेगळी वही करा. माझा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत मला त्याच्यासाठी वही करायचं सुचलं नव्हतं.

## १२. इथे थांबा

ठरावीक दिवशी पोटदुखी किंवा डोकेदुखी. झोप उडणं, नखं खाणं. ‘मला येत नाही’ म्हणून सुरुवातच न करणं. प्रश्न विचारणं बंद होणं. मित्रांकडे जायला नको म्हणणं. मुद्दाम चुका करणं, हे विशेषतः मुलींमध्ये चौथी-पाचवीपासून मी पाहिलं आहे. वर्गात वेगळं दिसू नये म्हणून त्या येत असलेलं उत्तरही देत नाहीत. ह्यांतलं काहीही दोन आठवडे दिसलं, तर शाळा आणि जेवण-झोप सोडून बाकी सगळं बंद करा आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. गरज वाटली तर ते समुपदेशकाकडे पाठवतील.

## १३. मे महिना रिकामा ठेवा

उन्हाळी शिबिराची पत्रकं मार्चमध्येच येतात. ती बाजूला ठेवा. आम्ही आता मे महिन्यात माझ्या माहेरी जातो, खेड्यात. पहिले आठ-नऊ दिवस मुलगी ‘कंटाळा आला’ म्हणत लोळते. आंबे खाते, भावंडांशी भांडते. ते दिवस मला अजूनही जड जातात.

गेल्या वर्षी दहाव्या दिवशी ती मामाकडे सुतळीचा गुंडा मागायला गेली. विहिरीत दगड टाकून ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत ती मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजत होती. कधी एक पूर्णांक तीन सेकंद, कधी दीड. मग सुतळीला दगड बांधून पाण्याला टेकेपर्यंत सोडली आणि टेपने मोजली: तीस फूट. हे सगळं तिने वहीत मांडलं, आणि खाली लिहिलं, ‘निम्म्या वेळात दगड निम्म्या अंतरावर असेल का?’

मी वाचलं आणि वही होती तिथे ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. आम्ही चिंचेखाली बसलो, आणि मी तिला गच्चीवरून दगड टाकून बघायला सांगितलं, अर्ध्या उंचीवरून.